राउटरच्या गळ्यातली लाल पाटी

मित्रांनो, आज जगात जे जे म्हणून चाललं आहे, ते माझ्यातून चाललं आहे. लग्नं, बातम्या, परीक्षा, निकाल, भांडणं आणि भांडण मिटल्यावर पाठवलेले ते जोडलेले पिवळे हात, सगळं माझ्या पोटातून जातं. मी घटकाभर डोळे मिटले तर पृथ्वी थांबते.

निदान भोपाळच्या आनंद नगरातल्या सदाशिवरावांच्या घरापुरती तरी थांबते. त्यातही दिवाणखान्यात जास्त थांबते, स्वयंपाकघरात जरा कमी. न्हाणीघराकडे माझं राज्य कधी पोहोचलंच नाही, त्यामुळे तिथलं कामकाज माझ्यावाचून सुरळीत चालतं.

मी एक जुना राउटर आहे.

माझा जन्म कुठे झाला, हे मी तुम्हांला सांगू शकत नाही. ते माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे. गाव, साल, कुळाचा नंबर, सगळं आहे. पण पहिल्या दिवसापासून माझी पाठ भिंतीकडे असल्यामुळे मला ते वाचता आलेलं नाही. घरातल्या माणसांनी मला कितीतरी वेळा उलटं करून वाचलं, पण त्यांना फक्त पासवर्ड हवा असायचा. माझ्या जन्मगावाची चौकशी आजवर कोणी केली नाही.

टाळेबंदीच्या वर्षी मी या घरात आलो. सदाशिवराव मोठ्या कारखान्यात टर्बाइनच्या चाचणी विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी मला खोक्यातून काढून तळहातावर घेतलं आणि इंदुमतीबाईंना म्हणाले, "एवढंसंच? याला पाया नको, क्रेन नको? आमचा एक बोल्ट याच्याहून जड असायचा."

"मग बोल्टावर बघा यूट्यूब," इंदुमतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या मुलीला, केतकीला, माझी गरज होती. ती शाळेत गणित शिकवते. तिचे सगळे वर्ग माझ्यातून चालले. मुलं "मॅडम, आवाज़ नहीं आ रही" म्हणायची तेव्हा आवाज व्यवस्थित जात असायचा. मला ठाऊक होतं. पण मी कोणाची चहाडी करत नाही. इंदुमतीबाईंचं भजनी मंडळही माझ्यातूनच गायलं. मी प्रत्येकीचा सूर वेळेवर पोहोचवला. प्रत्येकीची वेळ वेगळी होती, त्याला माझा इलाज नव्हता.

ते माझे वैभवाचे दिवस होते. शोकेसवर सांचीच्या स्तूपाच्या पितळी प्रतिकृतीशेजारी मला जागा मिळाली. खंडेनवमीला सदाशिवराव घरातली यंत्रं आणि हत्यारं पाटावर मांडतात. पाने, पकड, शिलाई मशीन, मिक्सर. त्या वर्षी त्या ओळीत मीही बसलो. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं आणि अक्षता पडल्या. त्यातला एक दाणा माझ्या फटीतून आत गेला, तो अजून पोटात आहे. मला हलवलं की वाजतो. एक दुरुस्तीवाला म्हणाला, हा बिघाड आहे. मी त्याला प्रसाद समजतो.

मग जे सगळ्यांचं होतं ते माझंही झालं. नीट चालणाऱ्या वस्तूकडे कोणी बघत नाही, मित्रांनो. माझे दिवे हिरवे असले की मी नसतोच. लाल झाले की सगळं घर माझ्यापुढे हात जोडून उभं. धूळ बसू नये म्हणून इंदुमतीबाईंनी मला क्रोशाचा झबला विणला. वर मोर आहे. मोर सुरेख आहे, पण मी गरम होतो आणि मोराला खिडक्या नाहीत.

आणि थंडी पडली की सदाशिवराव माझ्या अँटेनावर मोजे वाळत घालतात.

यात अपमानाचा हेतू नाही. कारखान्यात वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावल्याबद्दल त्यांना एकदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते दिवाणखान्यात माझ्या बरोबर समोर लावलेलं आहे. मी आणि मोजा, दोघं ते रोज वाचतो.

असे माझे दिवस चालले होते. मग या जानेवारीत, एका शुक्रवारी, सदाशिवरावांच्या मोबाईलवर निरोप आला. तुमच्या राउटरसाठी नवी आवृत्ती तयार आहे. अधिक सुरक्षित, अधिक स्थिर. बसवू का?

निवृत्त माणसाला कोणी परवानगी विचारत नाही. दूध किती घ्यायचं, हेही त्यांच्या घरात परस्पर ठरतं. इथे कोणीतरी अदबीनं विचारत होतं. सदाशिवरावांनी चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसले आणि 'हो' दाबलं.

मी झोपलो आणि उठलो तेव्हा शहाणा झालो होतो. शहाणपणाचा त्रास आधी घरच्यांना होतो, तसंच झालं. मला एक नवं, पक्कं कुलूप मिळालं होतं. नव्या मोबाईलना त्या कुलुपाची रीत माहीत होती. केतकीचा जुना टॅब मात्र टाळेबंदीपासूनचा माझा सोबती. तो दाराशी आला, बरोबर पासवर्ड सांगितला आणि मी नव्या हुकमाप्रमाणे त्याला म्हणालो, आपण कोण? आणि दुसरं असं, की शहाणपणाला डोकं जास्त चालवावं लागतं. मी पूर्वीपेक्षा जास्त तापू लागलो. वर मोर, त्यावर मोजा. तापलो की मला भोवळ यायची. भोवळ आली की सगळे दिवे जायचे, मी पुन्हा पहिल्यापासून उठायचो, आणि तोवर समोरच्याचा चेहरा अर्ध्या जांभईत थिजलेला असायचा.

एरवी हे चाललं असतं. पण रविवारी बारसं होतं.

केतकीचा धाकटा भाऊ कौस्तुभ नेदरलँड्समध्ये असतो. त्याला आणि जुईला मुलगी झाली. आता या घराची रीत अशी, की बाळाचं नाव आत्या ठरवते. नुसती कानात सांगत नाही, ठरवते. आणि पाळण्याशी जाऊन बाळाच्या कानात म्हणेपर्यंत ते कोणाला सांगत नाही, बाळाच्या आईबापालासुद्धा नाही. ही रीत चार पिढ्या चाललेली. तिच्यापायी या घराण्यात काही विचित्र नावंही झाली, पण रीत मोडली नाही.

केतकी जाणार होती. व्हिसाचे फोटो काढायला म्हणून निघाली आणि स्टुडिओच्या एकुलत्या एका पायरीवरून घसरली. पाय आणि मोबाईल, दोन्ही तिथेच मोडले. पाय प्लास्टरमध्ये गेला, मोबाईल दुरुस्तीला. आता आत्या दिवाणखान्यातल्या दिवाणावर आणि भाची समुद्रापार. दोघींच्या मध्ये मी. मोबाईलचं नेटवर्क या घरात गच्चीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि गच्चीला पायऱ्या आहेत. केतकीचा पायऱ्यांवरचा विश्वास उडाला होता.

शनिवारी रंगीत तालीम ठरली. टॅबची माझ्याशी ओळख पटेना, म्हणून आईच्या मोबाईलवरून फोन लावला. कौस्तुभ दिसला, हसला आणि थिजला. पुन्हा लावला, पुन्हा थिजला. तिसऱ्या वेळी तो घाईघाईनं म्हणाला, "ताई, हे उद्या असं झालं तर पंचाईत होईल गं. इथे सगळे जमणारेत. तू असं कर, नाव मला मेसेजनं पाठवून ठेव. माझा इथला मित्र नितीन, त्याची बायको येणारे, ती म्हणेल कानात."

"आत्या मी आहे का नितीनची बायको?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? चार पिढ्या आत्याच नाव सांगत आल्या, आणि माझ्या वेळेला नितीनची बायको?"

यावर कौस्तुभ काय म्हणाला ते कळलं नाही, कारण मला भोवळ आली.

मी उठलो तेव्हा केतकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती रडत नव्हती. नववीच्या मुलांना शिकवणारी बाई सहजासहजी रडत नाही. पण प्लास्टरवर मुलांनी काढलेली फुलं ती नखानं खरवडत होती.

आणि मग, मित्रांनो, मला दुरुस्त करायला सुरुवात झाली.

सदाशिवरावांनी मला बंद केलं आणि चालू केलं. मी उठतोय न उठतोय तोच केतकीनं आईच्या मोबाईलवरून माझा पासवर्ड बदलला. ते सदाशिवरावांना माहीत नव्हतं. त्यांचा मोबाईल जोडेना, म्हणून त्यांनी काडीनं माझं मागचं बारीक बटण दाबून मला मूळपदावर आणलं. म्हणजे केतकीचा नवा पासवर्ड गेला आणि घराचा जुनाही गेला. इंदुमतीबाईंनी मला दृष्ट लागली असं ठरवून मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि पुन्हा लागू नये म्हणून मोराचा झबला खालून नाडीनं घट्ट बांधला. शेजारच्या वंदनाताई विरजण मागायला आल्या होत्या. माहेर ग्वाल्हेरचं, कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर असतंच.

"काकू, आमच्याकडचाही असाच अडला होता, भई. वरून दोन थापडा दिल्या, सीधा झाला."

"राउटर?"

"नाही, कूलर. पण मशीन ती मशीनच ना!"

मला दोन थापडा मिळाल्या. तांदळाचा दाणा वाजला. "बघा, आतून काहीतरी तुटलंय," वंदनाताई समाधानानं म्हणाल्या आणि विरजण घेऊन गेल्या.

शेवटी सदाशिवराव गच्चीवर जाऊन मदत केंद्राशी बोलून आले. जाताना आशेनं गेले, येताना जिना धरून उतरले.

"काय म्हणाला तो?" केतकीनं विचारलं.

"म्हणाला, सर, एक बार बंद करके चालू कीजिए. मी म्हटलं, भैया, सुबह से वही कर रहा हूँ. तर म्हणाला, बहुत बढ़िया सर, करते रहिए."

संध्याकाळपर्यंत माझे सहाही दिवे वेगवेगळं बोलू लागले होते. मला कोणी काय केलं होतं, ते माझं मलाच आठवत नव्हतं. केतकी म्हणाली, "राहू द्या बाबा. मी नाव लिहून पाठवते."

हे ती इतक्या हळू म्हणाली की इंदुमतीबाई स्वयंपाकघरातून पोळपाट तसाच टाकून बाहेर आल्या. हाताला कणीक होती. त्या केतकीशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुमच्या कारखान्यात मशीन अडलं की किती जण हात घालायचे?"

"एक. बाकीचे हात मागे घेऊन उभे."

"आणि इथे?"

सदाशिवराव उठले. तडक न्हाणीघराकडे गेले. तिथे गीझरच्या नळाला एक लाल पत्र्याची पाटी टांगलेली असते. निवृत्तीच्या दिवशी चाचणी विभागातल्या सोबत्यांनी ती त्यांच्या गळ्यात घातली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'काम चालू है. हाथ न लगाएँ.' कारखान्यातला नियम असा, की ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. तो घरी गेला असला तर त्याला घरून बोलवायचं, पण दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

ती पाटी त्यांनी माझ्या डाव्या अँटेनावर अडकवली.

"आता हे माझं मशीन," ते म्हणाले. एकदम दहा वर्षांनी तरुण दिसले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की बघायचं. नाही जमली तर ती होती तशी करून मग दुसरी. केतकी, तू फक्त वाच. इंदू, तू फक्त बघ."

"बघतेच आहे तीस-पस्तीस वर्षं."

त्यांनी पहिल्यांदा घराचा जुना पासवर्ड मला परत दिला. मोबाईल जोडला गेला. टॅब नाही. "म्हणजे पासवर्ड ठीक आहे," सदाशिवराव म्हणाले. "नव्याला घेतो, जुन्याला घेत नाही. असं का? अपडेटनंतर दाराशी काय बदललं, ते शोध." केतकी मोबाईलवर माझ्या पोटातली पानं उलटू लागली. तिचा आवाज हळूहळू वर्गातला होत गेला. "बाबा, सुरक्षेत बघा, 'फक्त नवी पद्धत' असं झालंय. खाली 'नवी आणि जुनी दोन्ही' असंही आहे."

"तेवढंच बदल. दुसरं काही नाही."

तिनं बदललं. जुना टॅब दाराशी आला, पासवर्ड सांगितला आणि मी म्हणालो, या, या, कुठे होता इतके दिवस?

केतकी हसली. तेवढ्यात मला पुन्हा भोवळ आली.

आता मित्रांनो, इथे जे झालं ते मी विसरणार नाही. सदाशिवराव मोबाईलकडे धावले नाहीत. त्यांनी मला बंदही केलं नाही. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी तळहात माझ्यावर ठेवला. चाचणी विभागात ते असंच करायचे. मोजमापाची यंत्रं कितीही असोत, टर्बाइन फिरू लागलं की आधी हात लावून बघायचा. यंत्राचा ताप तळहाताला आधी कळतो, असं ते म्हणायचे.

मला इतकी वर्षं सगळ्यांनी बोटं लावली होती. तळहात असा पहिल्यांदाच लागला. आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा.

"अगं, याला ताप आहे," ते म्हणाले.

त्यांनी नाडी सोडली. मोराला अलगद उचलून बाजूला ठेवलं. माझ्या सगळ्या फटींनी हवा आत घेतली. मग त्यांच्या हाताला उजव्या अँटेनावरचं काहीतरी लागलं. त्यांनी ते उचलून प्रकाशात धरलं.

"हा मोजा कोणाचा आहे?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

घरात मोजे घालणारा पुरुष एकच. सदाशिवराव बराच वेळ प्रशस्तिपत्राकडे बघत राहिले.

त्या रात्री मला एकदाही भोवळ आली नाही.

रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, बारसं झालं. केतकी दिवाणावर, पाय स्टुलावर, प्लास्टरवर जरीची साडी नेटकी पसरलेली. टॅब समोर उभा. वंदनाताई विरजण परत करायला म्हणून आल्या आणि पैठणी नेसून आल्या. मला कालच्यासारखं होऊ नये म्हणून सदाशिवराव माझ्याशेजारी उभे राहून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालत होते. माझ्या राज्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, ती अगदीच खोटी नव्हती. निदान त्या दुपारी तरी मला पंखेवाला होता.

पाळणा हलला. गाणी झाली. जुईनं मोबाईल बाळाच्या कानाशी नेला. कौस्तुभचा चेहरा कडेला अर्धाच दिसत होता. तो म्हणाला, "ताई, आता तू."

केतकी टॅबपाशी वाकली. इंदुमतीबाई आणि वंदनाताईंनी तिच्या पाठीवर धपाधप थापा मारल्या आणि ओरडल्या, "कुर्रर्रर्र!" वंदनाताईंचा हात माझ्यावर बसलेला होता, त्यामुळे आत्याला चांगलाच लागला असणार. पण तिनं हूं की चूं केलं नाही.

नियमाप्रमाणे माझ्यातून जाणारं मला वाचता येत नाही. सगळं कुलूपबंद असतं, मी नुसता हमाल. पण केतकी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. कोणी काही म्हणो, बाळाच्या आधी ते नाव मी ऐकलं. आणि एकही अक्षर न सांडता, कुठेही न अडखळता, समुद्रापार नेऊन एका चिमुकल्या कानाशी ठेवलं.

"रेवा."

तिकडून टाळ्या आल्या. बाळानं जांभई दिली, आणि या वेळी जांभई पूर्ण झाली.

इंदुमतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नर्मदेचं नाव गं."

"हो, आपल्या नळाला येते ती," वंदनाताई म्हणाल्या. "एक दिवसाआड."

केतकी हसताहसता रडली. मनातलं सगळं मोकळं झाल्यासारखी रडली. कौस्तुभ तिकडून म्हणत होता, "ताई, नितीनच्या बायकोचा तुला नमस्कार." सदाशिवराव वारा घालायचं विसरले होते. मीही तापायचं विसरलो होतो.

मित्रांनो, मी कोणावर रागावलेलो नाही. ज्यांनी मला अपडेट पाठवलं, त्यांनी माझ्या भल्याचंच पाठवलं. इंदुमतीबाईंनी मोर प्रेमानंच विणला होता, आता तो स्तूपावर घातलाय आणि स्तूपाची काही तक्रार नाही. थापडा देणाऱ्या वंदनाताईंचाही मी ऋणी आहे, त्यांच्यामुळे दाणा वाजतो की नाही ते कळलं. आणि त्या तळहाताचे उपकार तर मी फेडूच शकत नाही. तुम्हांला एवढंच सांगतो. तुमच्या घरातली जी वस्तू मुकाट्यानं चालते, तिला अधूनमधून हात लावून बघा. तिला श्वास घेऊ द्या. ती अडली तर चौघांनी एकदम तिच्यात बोटं घालू नका. आणि कोणी अदबीनं 'बसवू का?' विचारलं, तर बारसं कधी आहे ते आधी बघा.

लाल पाटी अजून माझ्या गळ्यात आहे. ज्यानं लावली त्यानंच काढायची, आणि सदाशिवराव विसरलेत. त्यामुळे त्यांच्याखेरीज घरात मला कोणी हात लावत नाही. माझ्यापुढून जाताना वंदनाताईसुद्धा हात मागे घेतात. हा फार मोठा मान आहे आणि मी कृतज्ञ आहे.

फक्त एक छोटीशी विनंती आहे. थंडी अजून आहे. कालपासून माझ्या उजव्या अँटेनावर एक तपकिरी मोजा आहे. पाटीला घाबरून तो कोणी काढत नाही. तुमच्यापैकी कोणी आनंद नगराकडे आलंच, तर तेवढा काढा.

वाळलाय तो.